मुंबईत भाड्याचं घर शोधताय? आधी स्टेशन ठरवा, मग खोली

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी परिचारिका आहे. दर भरतीनंतर नांदेड, लातूर, चंदगड, आटपाडीकडच्या मुली रुजू होतात. हॉस्टेलची यादी लागली की ज्यांचं नाव त्यात नसतं त्या माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सिस्टर, राहायचं कुठं बघू?" मी स्वतः कवठेमहांकाळची. मुंबईत आल्यापासून भाड्याच्याच घरात राहिले, सध्या डोंबिवली पश्चिमेला राहते. सुट्टीच्या दिवशी या मुलींबरोबर घरं बघायला जाणं हे माझं ठरलेलं काम. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. हातात २५-३० हजार पगार पडतो, घरून मागवायला पैसे नाहीत आणि नोकरी मुंबईत आहे, अशा माणसासाठी हे लिखाण आहे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, स्वस्त कुठे आहे? स्वस्त पुष्कळ ठिकाणी आहे. हिंडताना जे भाव कानावर येतात त्यानुसार बदलापूर-वांगणीला साधा वन बीएचके ६ ते १० हजारांत मिळतो, नालासोपारा-विरारला ७ ते ११, डोंबिवली-कल्याणला ११ ते १७, कामोठे-कळंबोलीला १२ ते १८. पण कामाची जागा, ड्युटीच्या वेळा आणि रेल्वेची लाइन या तीन गोष्टी समोर मांडल्याशिवाय यातलं कुठलं घर तुम्हाला परवडेल हे कळत नाही.

परळचंच उदाहरण घ्या. परळ स्टेशनात धीम्या गाड्या थांबतात. जलद गाडीने आलात तर दादरला उतरून मागे-पुढे करावं लागतं. सकाळी साडेसातला वॉर्डात हजर राहायचं असेल तर बदलापूरच्या मुलीला पाचच्या आसपास घर सोडावं लागतं. संध्याकाळची ड्युटी साडेनऊला संपते, म्हणजे घरी पोहोचायला साडेअकरा. घरभाड्यात वाचलेले ४ हजार रुपये असे रोजच्या झोपेतून जातात. त्यातून रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. ज्यांना रविवारीही कामावर जावं लागतं त्यांनी ब्लॉकच्या दिवशीचा प्रवास आधीच एकदा करून बघावा.

मी मुलींना सांगते, जिथून गाडी सुटते अशा स्टेशनाजवळ घर बघा. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा इथून काही लोकल सुटतात; पश्चिम रेल्वेवर बोरिवली, भाईंदर, विरार; हार्बर लाइनवर बेलापूर, पनवेल. पाच-दहा मिनिटं आधी गेलं की बसायला मिळतं. रात्रपाळी करून उभ्याने घरी जाणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. मधल्या स्टेशनांत भाडं कमी असतं, कारण सकाळी तिथे गाडी भरूनच येते. दिवा, कोपर, मुंब्रा, कळव्याला घर घ्यायच्या आधी कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत तिथल्या फलाटावर उभं राहा. आपल्याला त्या गर्दीत शिरता येतं का, ते बघा. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारातून माणसं पडली आणि जीव गेले. भाड्यात २ हजार वाचतात म्हणून मी कुठल्याही मुलीला दारात लटकायला पाठवणार नाही.

नोकरी परळला नसेल तर नकाशा बदलतो. ऐरोली, रबाळे, महापेच्या कंपन्यांत काम असेल तर ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लाइन तुमची, मग घणसोली किंवा कोपरखैरणे बघा. शिवडी, वडाळ्याला काम असेल तर हार्बर. फक्त तिथे बहुतेक गाड्या प्रत्येक स्टेशनला थांबतात आणि पनवेलहून सीएसएमटीला सव्वा तास सहज लागतो. अंधेरी-गोरेगावकडे नोकरी असेल तर दहिसर ते अंधेरी या मेट्रोच्या २ए आणि ७ या लाइन लक्षात घ्या, पण मेट्रोच्या जवळची घरं आता मेट्रोचा भाव मागतात.

आता स्टेशन ते घर हे शेवटचं अंतर. नव्या माणसाचा हिशोब इथेच बिघडतो. समजा डोंबिवलीत स्टेशनपासून दहा मिनिटं चालत १४ हजारांचं घर आहे आणि शेअर रिक्षाने जावं लागेल असं १३ हजारांचं. शेअर रिक्षाचे एका वेळचे २० रुपये धरा. जाऊन-येऊन ४०, महिन्याचे २६ दिवस, झाले १,०४० रुपये. म्हणजे दोन्ही घरं एकाच भावाची. रात्री साडेअकराला शेअर रिक्षाची रांग नसते, तेव्हा एकटीने रिक्षा करावी लागते आणि तो मागेल ते द्यावे लागतात. पावसात तर विचारूच नका. मी चालत जाता येणारं घर नेहमी वर ठेवते, मग ते एका खोलीचं का असेना. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, कुत्र्यांचा त्रास आहे का, हे त्याच वेळी चालून बघायचं.

हातात किती पैसे लागतील

१२ हजार भाड्याचं घर घ्यायला १२ हजार पुरत नाहीत. डोंबिवली-कल्याणकडे साधारण तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागतात, मुंबई शहरात त्याहून जास्त. ४० हजार डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं दलाली, एक महिन्याचं आगाऊ भाडं, कराराचा खर्च, टेम्पो, गॅस, बादल्या, पंखा धरला तर ७० हजार जवळ असल्याशिवाय घर पदरात पडत नाही. गावाहून येणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना मी हा आकडा पहिल्याच फोनवर सांगते. नाहीतर मुलगी इथे येऊन अडकते आणि कुणाकडून तरी व्याजाने पैसे उचलते.

दोघी-तिघींनी मिळून घर घ्या. पहिल्या वर्षी यासारखा दुसरा उपाय नाही. फक्त करारात सगळ्यांची नावं घाला आणि डिपॉझिटमध्ये कुणी किती भरले ते आपसात लिहून ठेवा. एक मुलगी लग्न ठरून मध्येच जाते, तेव्हा याच कागदाने मैत्री टिकते.

सुरुवातीचे तीन-चार महिने पेइंग गेस्ट म्हणून कॉट घेऊन काढले तर वाईट नाही. घाईने ११ महिन्यांचा करार करण्यापेक्षा ते बरं. तेवढ्या काळात लाइन कळते, भाग कळतो, ओळखी होतात. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत जागा मिळणं कठीण, पण अर्ज भरून ठेवायला काय जातं? कुणी सोडून गेलं की वर्षाच्या मध्येही बोलावणं येतं.

मुलग्यांसाठी एक जुनी सोय अजून आहे, ती नव्या पिढीला माहीत नसते. लालबाग, परळ, गिरगाव, माझगावच्या चाळींत कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या आहेत. खोली गावच्या मंडळाकडे असते. गावचा माणूस ठरलेली वर्गणी भरतो, चटई टाकतो, आपली ट्रंक आपल्या जागी ठेवतो आणि नोकरी स्थिर होईपर्यंत राहतो. गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे कूडही तसेच, धोबीतलाव-माझगावकडे, त्या त्या गावच्या सभासदांसाठी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याचे असाल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्या गावची मुंबईत खोली आहे का. गिरणीत काम केलेल्या एखाद्या आजोबांना पत्ता तोंडपाठ असेल.

घर सापडतं कसं

मोबाइलवर नोब्रोकर, ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स बघाच, पण ते भाव समजण्यासाठी. परवडणारी घरं बऱ्याचदा तिथे येतच नाहीत, तोंडी जातात. स्टेशन ठरलं की त्या भागात सकाळी दहाच्या सुमारास पायी फिरा. इमारतीचा वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यांना कोणता मजला कधी रिकामा होणार हे महिनाभर आधी माहीत असतं. सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी असते. कामाच्या ठिकाणच्या जुन्या लोकांना सांगून ठेवा. आमच्याकडे वॉर्डबॉय आणि आयाबाईंनी जितक्या मुलींना घरं मिळवून दिली तितकी कुठल्या दलालाने दिली नसतील.

वेळही साधावी लागते. मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजमुळे मागणी असते, तेव्हा मालक ताणून धरतो. पितृपंधरवड्यात आपल्याकडे नव्या घरात जायला लोक नाखूश असतात, घरं रिकामी पडून राहतात आणि मालक हजार-दीड हजार खाली येतो. ज्यांना हरकत नाही त्यांनी त्या पंधरवड्यात बोलणी करावीत. सामान घटस्थापनेला न्या हवं तर.

दलाल वाईट असतो असं नाही. स्थानिक, दुकान थाटून बसलेला दलाल मालकाशी भांडण झालं तर मध्ये पडतो. घर दाखवायच्या आधी दलाली किती ते बोलून घ्या, ११ महिन्यांच्या करारावर साधारण एक महिन्याचं भाडं चालतं, अर्ध्यावर येणारेही असतात. पैसे करार नोंदल्यावर द्यायचे. नुसतं घर दाखवण्याचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. आणि ऑनलाइन जाहिरातीतला मालक "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, गेट पाससाठी आधी थोडे पाठवा" म्हणाला तर तो चोर आहे. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, मालकाला भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

मच्छी-मटण चालणार नाही, एकट्या मुली चालणार नाहीत, अमुक आडनावाचे चालणार नाहीत, हे मुंबईत अजून ऐकावं लागतं. माझ्याबरोबरच्या मुस्लिम आणि दलित मुलींना याचा किती त्रास होतो ते मी शेजारी उभं राहून पाहिलंय, आणि दर वेळी संताप येतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते; भाडेकरू कोण असावा हे कमिटीने ठरवायचं नसतं. तरी रोजचं भांडण घेऊन कुणाला राहायचंय? म्हणून खाणं, पाहुणे, रात्रपाळीने उशिरा येणं, हे सगळं टोकन देण्याआधी स्पष्ट बोलून घ्या.

घर बघायला गेल्यावर

घर दोनदा बघा, एकदा उजेडी आणि एकदा रात्री. आत गेल्यावर मालक बोलत राहील, त्याला बोलू द्या. तुम्ही आधी नळ सोडा. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, टाकी कुठे, टँकर लागतो का, त्याचे पैसे कोण देतो? कल्याण-शीळ रस्त्याकडच्या किंवा वसई-विरारच्या नव्या वसाहतींत हा प्रश्न पहिला विचारायचा. मालकाचं उत्तर ऐकून झालं की शेजारच्या काकूंना तेच विचारा.

मग कपाट थोडं सरकवायला सांगा आणि मागच्या भिंतीवर तळहात टेकवा. ओल असेल तर गार लागते, रंग पापुद्र्यासारखा हाताला लागतो. बाकी घर जुनं आणि एकाच भिंतीला गुडघ्यापर्यंत ताजा रंग दिसला तर पाणी भरतं का ते विचारा. तळमजल्यावर दाराच्या चौकटीचा खालचा लाकडी भाग बघायचा. फुगलेला असेल तर पावसात पाणी आत येतं. वरचा मजला असेल तर छताच्या कोपऱ्यातले पिवळे डाग बघा, शिवाय मे महिन्यात स्लॅब तापते ते वेगळंच. रात्रपाळी करणाऱ्याने खिडकीखाली गॅरेज, शाळा किंवा लग्नाचा हॉल तर नाही ना, हे बघावं, कारण झोप दिवसा घ्यायची असते.

विजेचं मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून सबमीटर? सबमीटर असेल तर युनिटचा दर किती? शेवटचं बिल मागा, थकबाकी कळते आणि बिलावर नाव कुणाचं तेही कळतं.

ज्याच्याशी करार करणार तो खरंच मालक आहे का, हे तपासल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. विजेचं बिल, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), इंडेक्स टू (घराच्या खरेदी नोंदणीचा उतारा) यांपैकी दोन कागद तरी बघा आणि नाव आधार कार्डाशी जुळवा. परळ-लालबागच्या जुन्या चाळीतली खोली पागडीची असते. ती देणारा स्वतःच भाडेकरू असतो. इमारतीच्या मालकाची संमती नसेल तर तुमचं राहणं कच्चं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींतली घरं स्वस्त मिळतात, पण सुरुवातीची काही वर्षं ती दुसऱ्याला देण्यावर बंधन असतं. म्हाडाच्या संक्रमण शिबिरातली, म्हणजे मोडकळीच्या इमारतींतल्या लोकांना तात्पुरती दिलेली, खोली कुणी भाड्याने देऊ लागला तर नमस्कार करून बाहेर पडा.

इमारत अधिकृत आहे का, हा प्रश्न भाडेकरूनेही विचारायचा. नालासोपारा पूर्वेला २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला इमारतीचा भाग कोसळून माणसं दगावली. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेने दिलेली परवानगी, आहे का ते विचारा. जुनी इमारत असेल तर पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत, सी-१ या सर्वांत धोकादायक वर्गात, नाव आहे का ते बघा. पावसाळ्याआधी ही यादी जाहीर होते. भाडं निम्मं असलं तरी अशा इमारतीत जाऊ नका.

करार

"११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला? नोटरी करू." हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (आपला नेहमीचा ११ महिन्यांचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं.

खर्चही फार नाही. मुदतीचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. १२ हजार भाडं, ४० हजार डिपॉझिट, ११ महिने धरले तर ते ४०० रुपयांच्या आत येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, तो आपली मजुरी वेगळी लावतो. हा खर्च निम्मा-निम्मा करायची रीत आहे.

सही करण्याआधी मसुदा मागून घेऊन घरी शांतपणे वाचा. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का? मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते मालकाने भरायचं, तसं लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही, तो किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची? बदलीची नोकरी असेल तर लॉक-इन तीन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असतील तर आकडा आत्ताच लिहा. आणि "किल्ली परत देताना त्याच दिवशी डिपॉझिट परत" हे वाक्य घालायला लावा. मुदत संपल्यावर नवा करार न करता राहू नका. कायद्याने मालक त्या काळासाठी दुप्पट भाड्याएवढी रक्कम मागू शकतो.

हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊ नका. ५-७ लाख द्या आणि भाडं न देता राहा, हे ऐकायला गोड वाटतं. पण ती आईवडिलांची जन्माची पुंजी असते. मालकाने ती दुसरीकडे घातलेली असते आणि परत मागायच्या दिवशी तो नवा भाडेकरू मिळेपर्यंत थांबा म्हणतो. आमच्या एका सहकारी सिस्टरचे पैसे असे कितीतरी महिने अडकले, ऐन बहिणीच्या लग्नात.

भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या, डिपॉझिटसुद्धा. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल तर पावत्या लागतात आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅनही. तो देणार का, हे आधीच विचारून ठेवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे, ते ऑनलाइन होतं. त्याची प्रत तुम्हीही मागून घ्या.

किल्ली मिळाली त्या दिवशी सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. नळ, बेसिन, खिडकीच्या काचा, पंखे, मीटरचं रीडिंग सगळं त्यात घ्या आणि लगेच मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. फुटलेली फरशी, तुटलेली कडी असेल तर तिथेच लिहा. घर सोडताना नोटीसही लेखी द्या, शेवटचं वीजबिल भरून पावती दाखवा आणि मालकाला घरी बोलावून तोच व्हिडिओ समोर ठेवून घर दाखवा. तो डिपॉझिटबाबत चालढकल करणारा वाटला तर नोटीस देतानाच विचारा, शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू का, आणि होकार मेसेजवर घ्या. उरलेली रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की मग किल्ली द्या.